खुणेच्या वर

घरजावई सगळ्यांनी पाहिलेले असतात. घरसासरा बहुधा मी एकटाच. बायको गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, एकटे राहून काय पुस्तकं खाणार आहात?" आणि मी कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांच्या ट्रंका घेऊन तिच्या घरी राहायला आलो. जावई भला माणूस. चहात साखर कमी आहे एवढंही मी त्यांना कधी म्हणू शकलो नाही, आणि मला वाटतं, तेही मला कधी काही म्हणू शकले नाहीत. दोघंही एकमेकांना 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' म्हणत उभेच राहायचो.

त्यांचं काचेचं दुकान. पुढे जाड कापड अंथरलेलं कापणीचं टेबल, मागे राहती जागा, बाजूला पिकअप. तिच्या हौद्यात तिरकी लाकडी चौकट बसवलेली, तिला टेकवून काचा उभ्या न्यायच्या. शिडीवरून पडून जावईबापूंचा हात मोडला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि गाडीचं स्टिअरिंग मुलीच्या हातात. लहानपणापासून आपल्याहून मोठी वस्तू ओढत नेण्याची तिला खोड, म्हणून घरात तिचं नाव मुंगी.

गाडीचं तेल बदलायची वेळ आली. गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक, ज्याला सगळे मामा म्हणतात, म्हणाला, "पिंपातलं घट्ट तेल घाला. डिझेलला दाट तेलच मानवतं." मुंगी म्हणाली, "बाबा, गाडीबरोबर ते पुस्तक आलंय ना, तेवढं वाचा की."

एवढं कोणी म्हटलं की मला दुसरं काही लागत नाही. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. या इंजिनाच्या धुराच्या नळीत एक बारीक जाळी आहे, घट्ट तेलाची राख तिच्यात साचते, म्हणून कमी राखेचं, पातळ तेल वापरावं. आकडे अमुक, अक्षरं तमुक. तेलाच्या दुकानात मी एकेक डबा फिरवून मागची बारीक अक्षरं ताडून पाहू लागलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आजोबा, तेल घ्यायचंय की परीक्षेला बसायचंय?" मी तेच तेल घेतलं. मामाने दोन बोटांत चोळून पाहिलं. "हे तेल आहे की पाणी?" जावईबापूंनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबांनी बघितलंय म्हणजे बरोबरच असेल."

त्यातलं 'असेल' माझ्या मनात अडकून राहिलं. आयुष्यभर वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक घातलेला माणूस मी. मला इंजिनातलं काय कळतं? एखादी ओळ चुकीची वाचली असेल तर? मुंगी गाडी घेऊन गेली की मी दुकानाच्या पायरीवर बसून तिच्या इंजिनाचा आवाज कानात धरून ठेवायचो, कोपऱ्यावर विरेपर्यंत. मग रोज सकाळी, गाडी सुरू होण्याआधी, तेलाची पट्टी ओढून पाहायची मी सवय लावून घेतली. पट्टी पुसायची, पुन्हा आत घालायची, बाहेर काढायची. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल त्यांच्यामध्ये असलं की बस.

सुरुवातीला होतं. मग एके दिवशी ते वरच्या खुणेला टेकलेलं दिसलं. मग खुणेच्या वर. मी चष्मा पुसला. तेल कमी होतं, जळतं, गळतं, हे समजू शकतं. वाढतं कसं? पुस्तकात एकच ओळ होती: तेल वरच्या खुणेच्या वर गेल्यास इंजिन चालवू नये. का, ते लिहिलेलं नव्हतं. कारण न देणारी पुस्तकं मला पूर्वी नुसती आवडायची नाहीत. या पुस्तकाची मला भीती वाटू लागली.

मुंगीला सांगितलं तर ती हसली. "वाढतंय ना, कमी तर होत नाही? आपल्या घरात निदान एक गोष्ट तरी वाढतेय, बाबा."

मग मी जावईबापूंकडे गेलो. ते डाव्या हाताने काचेवर रेघ मारायचा सराव करत होते.

"ते... तेल," मी म्हणालो.

ते केवढ्याने तरी दचकले. "हो हो, छान आहे तुमचं तेल. एकदम छान."

"हो का," मी म्हणालो आणि परत फिरलो. गाडी त्यांची, घर त्यांचं. ज्याचं खातो त्याला शिकवायला कोणत्या तोंडाने जाणार?

त्या दिवशी टेकडीवरच्या इमारतीत मोठी तावदानं पोचवायची होती. सकाळी पट्टी ओढली तर खुणेच्या वर बोटभर तेल, आणि काळपट, दाट.

"मुंगे, आज नको जाऊस."

"का?"

"पुस्तकात लिहिलंय, चालवू नये म्हणून."

"चालवलं तर काय होतं?"

"ते लिहिलेलं नाही."

"अहो बाबा, तिथे माणसं चौकटी लावून खोळंबलीत." तिने पट्टी माझ्या हातून घेतली, जागच्या जागी खोचली, झाकण लावलं. मी रस्त्यात आडवं पडायला हवं होतं. त्याऐवजी मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिला थांबवण्याइतका आवाज माझ्याकडे नव्हता. सोबत जाण्याइतके पाय होते.

टेकडीचा रस्ता एका बाजूला दगडी भिंतीला चिकटून जातो. दुसऱ्या बाजूला गुडघाभर कठडा आणि त्याखाली घरांची छपरं. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. चढ वाढला तसा इंजिनाचा सूर बदलला, जणू कोणी आतून दात खातंय. बाजूच्या आरशात पाहिलं तर रस्ता दिसेना. नुसता निळसर पांढरा धूर.

"अगं, हळू."

"बाबा," मुंगी म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, "मी पाय काढलाय."

मी खाली पाहिलं. तिचा उजवा पाय खरंच अ‍ॅक्सिलरेटरवरून वर उचललेला होता, अधांतरी. आणि गाडी पळत होती, चढावर, आपल्या मनाने.

तिने क्लच दाबला, ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण इंजिन सुटलं. ओझं गेल्यासारखं ते किंचाळायला लागलं. पायाखालचा पत्रा, दार, माझे दात, सगळं थरथरू लागलं. मागे चौकटीतल्या काचा एकमेकींशी बारीक आवाजात बोलायला लागल्या. मुंगीने किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे विझले.

इंजिन चालूच.

"बंद केलंय मी!" ती ओरडली. "बाबा, बंद आहे ते! बंद आहे!" तिने किल्ली पुन्हा पुढे केली, पुन्हा मागे. मेलेल्या दिव्यांमागे ते धडधडत होतं, आणखी वर, आणखी वर. धुरातून खालून कोणीतरी ओरडत होतं. पाण्याचे कॅन लादलेला हातगाडीवाला आमच्या मागून चढ चढत होता, तो. ब्रेकवरचा तिचा पाय सुटला तर आम्ही त्याच्यावर.

"बाबा, उतरा तुम्ही. उतरा!"

माझा हात दाराच्या कडीवर होता. दार उघडेना, आणि उघडावं असं मला वाटतही नव्हतं. डोक्यात पुस्तकाची पानं उलटत होतो आणि पानं कोरी होती. हे माझं तेल. मी निवडलेलं. माझ्या डोळ्यांपुढे आलं, की हे इंजिन फुटलं आहे आणि तिचे हात अजून स्टिअरिंगवर आहेत.

आणि मग मला पुस्तकातलं नाही, तिचंच आठवलं. गाडी शिकत होती तेव्हा ती दर चौकात गाडी बंद पाडायची. गिअर भलताच टाकायची आणि क्लच सोडून द्यायची, की गाडी आचका देऊन मरायची. मागचे लोक हॉर्न वाजवून आमचा उद्धार करायचे.

"बंद पाड तिला!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कोणाशी बोललो नव्हतो. "मुंगे, शिकताना पाडायचीस तशी पाड! सगळ्यात वरचा गिअर टाक आणि क्लच सोड! ब्रेक सोडू नकोस!"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. दांडा शेवटच्या गिअरमध्ये ढकलला, हँडब्रेक ओढला, अंगातला सगळा जोर ब्रेकवर टाकून उभी राहिल्यासारखी झाली आणि डावा पाय उचलला.

गाडीने असा हिसका दिला की माझं डोकं काचेवर आपटलं. मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. जळक्या रबराचा वास आला. इंजिन घुसमटलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि थांबलं.

इतकी शांतता झाली की खालच्या छपरांवर कोणीतरी कपडे झटकत होतं ते ऐकू आलं.

हातगाडीवाल्याने धावत येऊन चाकांमागे दगड लावले. "ताई, आता काढा पाय," तो दोनदा म्हणाला. तिला पाय काढता येईना. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा तिने काढला.

मी फोन केल्यावर मामा जावईबापूंना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. त्याने पट्टी ओढली, तेल बोटांत चोळलं, वास घेतला आणि पुन्हा चोळलं.

"यात दोन तेलं आहेत," तो म्हणाला. "आणि इतकं आहे की इंजिन तेच प्यायला लागलं होतं. एकदा तेल प्यायला लागलं की त्याला डिझेल लागत नाही, किल्लीही लागत नाही. तेल संपेपर्यंत पळतं, नाहीतर फुटेपर्यंत. कोणी घातलं?"

जावईबापूंचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा झाला. "मी," ते म्हणाले. "रोज थोडं. पिंपातलं. मला वाटलं, पातळ तेल चढावर उडून जाईल, इंजिन कोरडं पडेल, ही एकटी असेल..." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "बाबांनी एवढं वाचून आणलं होतं. मला पटलं नाही, असं तोंडावर कसं म्हणणार?"

"मला दिसत होतं, वाढतंय ते," मी म्हणालो. "तुमच्या गाडीबद्दल तुम्हाला कसं विचारणार?"

मुंगी कठड्यापाशी जमिनीवर बसली होती. दोन्ही हात तिने काखेत दाबून धरले होते. ती आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"तुमच्या दोघांच्या मानापानात," ती म्हणाली, "मी मेले असते."



गाडी दोराने बांधून खाली आणली. मामाने सगळं तेल काढलं, नळ्या धुतल्या, दिवसभर एकेक भाग तपासत बसला आणि शेवटी म्हणाला, "इंजिन वाचलंय, असं वाटतंय." मग हात पुसत विचारलं, "आता यात कुठलं घालू?"

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगाल ते, बाबा."

"नाही," मी म्हणालो. "आधी तुम्हाला काय वाटतं ते बोला."

ते म्हणाले, "मला त्या पातळ तेलाची भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हणालो.

मग मी पुस्तक उघडून त्यांना ते पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, छापणाऱ्याला आपला चढ माहीत आहे का? मी म्हणालो, इंजिन ज्याने बनवलं त्याला जाळी माहीत आहे. ते म्हणाले, मामाला इतकी वर्षं काही कळत नव्हतं का? मी म्हणालो, मामाच्या त्या गाड्यांना जाळी नव्हती. आवाज चढले. मामा उलट्या बादलीवर बसून चहा पीत आमचं भांडण ऐकत होता, आणि मुंगी दारात उभी राहून मध्ये एक शब्द बोलत नव्हती. शेवटी जावईबापूंनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं, आणि मामाला म्हणाले, "पातळ घाला. पण पट्टी मीही बघणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मुंगीनेच ओढली. आधी त्यांच्यापुढे धरली, मग माझ्यापुढे. तेल दोन खुणांच्या मध्ये होतं. ती गाडीत बसली. इंजिन सुरू झालं. तिने लगेच किल्ली मागे फिरवली, आणि ते थांबलं. तिने पुन्हा सुरू केलं, कान देऊन बसली, पुन्हा बंद केलं. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. चौकटीत नव्या काचा टेकवून ठेवल्या होत्या, उशीर होत होता. आम्ही दोघं गाडीच्या दाराशी उभे होतो, आणि 'आता पुरे' असं तिला कोणीच म्हणालं नाही.