जीप आली त्या दिवशी

सिदूनं पळायलाच नको होतं, असं दगडाबाई लेकाला तीन दिवस ऐकवत होती. दहावी पास झालेल्या पोरीचा बाप, आणि जीपचा आवाज आला की हा आपला उसात. त्याचं बघून पारध्यांची सगळी पालं ओस पडली. दगडाबाई स्वतः तेवढी कडा गावच्या बाजाराला गेलेली.

जीप पोलिसांची नव्हतीच. सिदूच्या लेकीच्या, दीपमालाच्या जातीच्या दाखल्यासाठी साहेब चौकशीला आले होते, ही माणसं खरंच इथं राहतात का ते बघायला. चुली पेटलेल्या, कोंबड्या हिंडतायत, पण माणूस एक नाही. साहेबांनी लिहिलं, जागेवर कोणी राहत नाही.

आज दगडाबाई तालुक्याच्या कचेरीत उभी होती.

"तव्यावर भाकर व्हती ना? ती काय भुतानं थापली?"

"भाकरीचा जबाब घेता येत नाही, मावशी," कारकून म्हणाला. "नवा अर्ज करा. दिवाळीनंतर बघू."

"वसतिगृहात सोमवारी दाखला द्यायचा हाय. न्हाईतर पोरीची जागा गेली."

"मग राहत असल्याचा जुना कागद आणा. घरपट्टी, वीजबिल, काहीही."

फाटक्या पालाला कसली घरपट्टी? दगडाबाई टेबलाजवळ सरकली. "ठाण्यात बघा की. कुटं चोरी झाली की आदी आमच्याकडंच येत्यात. तवा बरं घर घावतं."

कारकुनानं मान वर केली. "तिथं पत्त्यासकट नोंद असेल तर चालेल. कुणाला धरून नेलं होतं का?"

कुणालाच नेलं नव्हतं. हाच तर तिचा तोरा. नवरा दुसऱ्या मुलखात धरला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून जीप दिसली की ऊस गाठायचा, हे पोरांना चालायला लागल्यापासून तिनंच शिकवलेलं. तिच्या पालातला एकही माणूस कधी हाती लागला नाही, आणि म्हणूनच कुठल्या कागदावर त्यांचा पत्ता नव्हता.

ती परतली तेव्हा दीपमालानं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सिदू खाली मान घालून बसलेला.

"आता तरी सांग, कावून पळालास, सिदू?"

"मला वाटलं पोलीस हायती, आये."

"पळायला म्याच शिकवलं, ते माजं पाप. पर त्या दिशी तू पळालास आन् पोरीचं वसतिगृह गेलं. आता पोलीस आले तरी जाग्यावरनं हलायचं न्हाई. मारू दे. आदी म्हनायचं, नाव लिवा, पत्ता लिवा, मग मारा."