डॉक्टरांच्या पोटातल्या फायली

ग्वायाकिलमध्ये मी एकेचाळीस वर्षं माणसं बनवतोय आणि लोक ती एकतीस डिसेंबरला जुन्या वर्षाबरोबर जाळतायत. लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, वर खळीत भिजवलेला कागद, पोटात भुसा आणि फटाके. मंत्री, फुटबॉलचे पंच, भाडं वाढवणारे घरमालक, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. ज्याने वर्षभर काहीतरी दिवे लावलेत त्याचाच पुतळा निघतो, म्हणून आमच्या गावात पुतळा निघणं हा अपमान थोडा आणि मान फार.

'नवे क्षितिज' शाळेने बोलावलं तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी जाळायचं असेल. पण मुख्याध्यापिका इंत्रियागोबाई म्हणाल्या, शिकवायला या. त्यांच्याकडे 'दुहेरी विशेष' नावाचा नऊ मुलांचा वर्ग होता. दुहेरी म्हणजे मूल एका बाजूने अतिहुशार, आणि दुसऱ्या बाजूने त्याला वाचण्यालिहिण्यात नाहीतर एका जागी बसण्यात अडचण. पहिली बाजू शाळेच्या जाहिरातीत होती, दुसरी फायलीत.

"या मुलांना हातांनी शिकू द्यायचंय, मिस्त्री," बाई म्हणाल्या. मुलं मला मास्तर म्हणायची, बाई मिस्त्री. माझ्या नावाआधी लावायला पदवी नव्हती, आणि आमच्याकडे पदवी नसलेल्या माणसाला शिपाईसुद्धा कॉफी विचारत नाही.

तास चाळीस मिनिटांचा. कशालाही हात लावायच्या आधी मुलाने पंधरा मिनिटं नियोजनपत्रक भरायचं. काम झालं की पंधरा मिनिटं चिंतनपत्रक. पाच मिनिटं हात धुवायला. उरलेल्या पाच मिनिटांत हातांनी शिकायचं.

मी एकदा म्हटलं, "बाई, लिहिता येत नाही म्हणून ज्यांना इथे आणलं, त्यांना आपण लिहायलाच बसवलंय."

"लिहिलं नाही तर ती शिकली हे कळणार कसं, मिस्त्री?" बाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर याच वर्गात झालेला लाकडी पोपट होता, दोरी ओढली की पंख हलवणारा. बोलता बोलता बाई दोरी ओढत होत्या.

तो पोपट यूलेईसी तोमालाचा. वय अकरा. कुठली पट्टी किती भार घेईल हे पोरीला नुसतं बघून कळायचं. जिथे मला खिळा लागतो तिथे ती अशी खाच पाडायची की सांधा आपला आपण बसावा. अक्षरं मात्र तिच्यापुढे जागेवर थांबत नसत. तिच्या चिंतनपत्रकात दीड ओळ असायची आणि खाली त्या सांध्याचं झकास चित्र. चित्राला गुण नव्हते. दोनदा भोपळा मिळाला होता. डिसेंबरच्या प्रदर्शनाला जिल्ह्याचे तपासनीस येणार, फाईल बघणार, आणि तिसरा भोपळा देऊन तिला जुन्या शाळेत परत पाठवणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

जुन्या शाळेत ती तीन वर्षं शेवटच्या बाकावर होती. "तिथल्या बाई मला मठ्ठ म्हणायच्या आणि झाडू मारायला लावायच्या," तिने मला सांगितलं. मग म्हणाली, "झाडू पण मोडका होता. मी नीट केला."

"मग खूश झाल्या असतील."

"हो. मग रोज मलाच द्यायला लागल्या. मास्तर, मला परत नाही जायचं."

मी खळ ढवळत बसलो. तेव्हाच ठरवलं की या पोरीला इथून हलू द्यायचं नाही. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनासाठी वर्गाने पुतळा करायचा ठरवला. कुणाचा, यावर दोन मिनिटांत एकमत. तपासनीस डॉक्टर एर्मेल सुरिता. गेल्या वर्षी ते आले होते तेव्हा हान्द्रीला त्यांनी विचारलं होतं, "तू यातला कुठला प्रकार?" हान्द्री म्हणजे एका जागी न बसणारा, पण कानावर पडलेलं आणि डोळ्यांखालून गेलेलं जन्मभर न विसरणारा. त्याने उलट विचारलं, "आणि तुम्ही कुठला?" त्या प्रश्नाबद्दल त्याच्या फायलीत तीन पानं वाढली.

सांगाडा यूलेईसीने केला. हात वर-खाली व्हायचा, बगलेत फाईल, तोंड उघडझाप करणारं. आता कागद हवा. पुतळ्याला पातळ कागद चालत नाही, जाड आणि कोरडा लागतो. बाईंकडे मागायला गेलो तर त्या फोनवर होत्या. त्यांनी चिठ्ठी खरडली, माझ्या हातात दिली आणि कोठीच्या खोलीकडे बोट केलं. मी चिठ्ठीकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, मान डोलावली आणि ती खिशात घातली.

आता सांगूनच टाकतो. मला वाचता येत नाही. आकडे येतात, माप येतं, माझं नाव गिरवता येतं. बाकी अक्षरं लहानपणापासून माझ्यापुढेही नाचतात. त्या काळी याला दुहेरी काय, एकेरी विशेषसुद्धा कुणी म्हणत नव्हतं. छडी मिळायची आणि विषय संपायचा. शाळा सुटली ती सुटलीच. नोकरीचा अर्ज बायकोने, तारहेलियाने, भरला होता. तिच्याखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कळू नये म्हणून मी आयुष्यभर आठ्या घालत आलो.

कोठीत दोन फळ्यांवर खोकी. यूलेईसीने विचारलं, "मास्तर, कुठली?" मी चिठ्ठी काढून पुन्हा एकदा गंभीरपणे बघितली. डावीकडची खोकी ओलीने फुगली होती. उजवीकडची कोरडी ठणठणीत, आतला कागद जाड, फाडल्यावर मस्त टरकन् आवाज करणारा.

"उजवीकडची," मी म्हटलं.

आठवडाभर पोरांनी पट्ट्या फाडल्या, खळीत बुचकळल्या आणि डॉक्टरांच्या अंगावर चढवल्या. पोट तर सात थरांचं झालं. बाईंनी दारातून एकदा डोकावून "नियोजनपत्रकं भरली ना?" असं विचारलं, आणि समाधानाने निघून गेल्या.

प्रदर्शन एकतीस डिसेंबरलाच होतं. भर दुपारी डॉक्टर सुरिता आले. पटांगणात पुतळा उभा. टकलावरून आडवे नेलेले पाच केस, चष्मा, पोट, बगलेत फाईल. दोन पोरं रिवाजाप्रमाणे काळे झगे घालून जुन्या वर्षाच्या विधवा झाली होती आणि पुतळ्याच्या पायाशी गळा काढत होती. डॉक्टरांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"हा मी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," यूलेईसी म्हणाली. "दोरी ओढा, तुम्ही बोलता."

डॉक्टरांनी दोरी ओढली. त्यांनी स्वतःला बोलताना पाहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "आमच्या कचेरीतल्या लुकासला तीनदा जाळलंय," ते म्हणाले. "तीनदा! दर जानेवारीला फोटो दाखवतो. चोवीस वर्षं नोकरी केली मी, मला कुणी ढुंकून बघितलं नाही." मग त्यांनी शिपायाला मोबाईल देऊन पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून अकरा फोटो काढून घेतले.

फोटो झाले आणि ते पुन्हा तपासनीस झाले. "फायली आणा. तोमालाची आधी."

शिपाई गेला आणि रिकाम्या हातांनी आला. कोठीत डावीकडचे, चिठ्ठीत लिहिलेले जुने रद्दी पेपर जसेच्या तसे होते. उजवीकडची फळी मोकळी होती. बाईंनी एकदा पुतळ्याच्या पोटाकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"खोकी कुणी आणली?"

"मी," यूलेईसी म्हणाली.

"त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हात लावू नये! एवढंही वाचता आलं नाही तुला?"

"ठीक आहे," डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "याहून मोठा पुरावा तो कसला. मुलगी या वर्गाला योग्य नाही, असं लिहितो."

यूलेईसीने माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्या खिशात होती, तिला ते दिसलं होतं. तिने नुसतं तेवढं सांगितलं असतं तरी ती सुटली असती. अकरा वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती, आणि मी साठीला आलेला बाप्या आठ्या घालून उभा होतो. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

"थांबा," मी म्हटलं आणि चिठ्ठी काढली. "ही माझ्याकडे होती. खोकी मी सांगितली. मला वाचता येत नाही."

विधवासुद्धा रडायच्या थांबल्या.

"म्हणजे चष्मा घरी विसरलात?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. कधीच येत नव्हतं."

"आयला!" हान्द्री ओरडला. "मास्तर, तुम्ही पण आमच्यातलेच!" आणि त्याने टाळ्या वाजवल्या. नवाच्या नवांनी वाजवल्या.

"तू गप्प बस," बाई कडाडल्या. "तुला तर वाचता येतं. कागद फाडताना दिसलं नाही?"

"दिसलं की. माझ्या फायलीतलं 'अवज्ञा' पुतळ्याच्या डाव्या कानात आहे. पण मला कुणी विचारलंच नाही. आणि चिंतनपत्रकात तसा रकाना नव्हता."

बाईंनी कागद कापायची सुरी मागवली. पोट फाडू, म्हणाल्या, तोमालाची फाईल बहुतेक चौथ्या-पाचव्या थरात असेल, वाळलेलं आहे, सुटून येईल. सुरीचं टोक पोटाला टेकलं आणि डॉक्टर सुरिता मध्ये आले.

"माझं पोट फाडणार तुम्ही? पोरांसमोर?"

"फाईल आहे त्यात, डॉक्टर."

"फाटलेला पुतळा कुणी जाळत नाही, बाई. लुकासला कळलं तर?" त्यांनी सदरा सारखा केला. मग एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "फाईल नसेल तर कुठल्याही मुलाला काढता येत नाही. तसा नियम आहे. नव्या फायली उघडा. सगळ्यांचे गुण पहिल्यापासून." बाईंनी सुरी खाली ठेवली.

मग रिवाजाप्रमाणे पुतळ्याचं मृत्युपत्र झालं. कुणी काही लिहिलेलं नव्हतं, हान्द्रीने सगळं तोंडपाठ म्हटलं. डॉक्टर आपली बगलेतली फाईल उंदरांना ठेवून गेले, पाच केस वाऱ्याला, आणि लुकासला दीर्घायुष्य. खरे डॉक्टर पोट धरून हसले. काडी त्यांनीच लावली. पोट सावकाश जळलं, चांगला कागद होता. फटाके वाजले, बाई पाण्याची बादली घेऊन उभ्या राहिल्या आणि नऊ मुलांच्या सगळ्या अडचणी दहा मिनिटांत राख झाल्या. यूलेईसीने राखेवरून तीनदा उडी मारली.

जानेवारीत शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी ती माझ्या दुकानात आली. हातात शाळेचं बंद पाकीट. बाईंनी तिच्याकडे दिलं होतं. तिला वाचता येत नाही, तेव्हा तिच्या हाती पाठवायला हरकत नाही, असा त्यांचा हिशोब असणार.

एरवी मी आठ्या घालून पाकीट खिशात टाकलं असतं आणि संध्याकाळी तारहेलियाकडून वाचून घेतलं असतं. त्या दिवशी मी ते फोडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"वाच."

"मी? मला वेळ लागेल, मास्तर."

"मला कुठे गाडी पकडायचीय?"

तिने बाकावर कागद पसरला. लाकडाची पट्टी घेऊन ओळीखाली धरली, म्हणजे बाकीच्या ओळी मध्ये येणार नाहीत. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. एकेक अक्षर बोटाने दाबून धरत ती पुढे सरकली. अडखळली, मागे गेली, शिव्यासुद्धा घातल्या. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. अर्धा तास लागला.

"श्री. वॉशिंग्टन पिंकाय यांस. आपणांस वाचता येत नसल्याचे उघड झाल्यामुळे, वाचनाची अडचण असलेल्या मुलांना शिकवण्यास आपण अपात्र आहात. आपली अवजारे घेऊन जावीत."

तिने पट्टी बाजूला केली. तिचे डोळे भरले होते, पण एवढं मोठं पत्र तिने आयुष्यात पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि तेही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मास्तर," तिने विचारलं, "मी बरोबर वाचलं का?"

मी कागद हातात घेतला, आठ्या न घालता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"एकही अक्षर चुकली नाहीस," मी म्हटलं.