अपेक्षेइतकं दुखणं

घरी सोडायच्या प्रत्येक पेशंटची फाइल स्कॅन होऊन आधी हॉस्पिटलच्या तळघरातल्या नोंदणी विभागात ताईंच्या पडद्यावर यायची. आजार कोणता, ऑपरेशन कोणतं, पुढे काय झालं, यातल्या प्रत्येकाला ताई ठरलेला कोड द्यायच्या. मगच पेशंटला घरी जायचा कागद मिळायचा. अकरा वर्षांत हात असा बसला होता की कोडांचं पुस्तक उघडायची वेळ क्वचितच यायची.

ऑपरेशननंतरच्या दुखण्याचा नियम तर तोंडपाठ होता. टाके घातले की दुखणारच. त्या अपेक्षित दुखण्याला कोड नाही. अपेक्षेपेक्षा जास्त आहे असं डॉक्टरांनी लिहिलं, तरच द्यायचा. शंका आली तर त्यांना विचारायचं.

गेल्या वर्षी एकदा ताईंनी विचारलं नव्हतं.

शाळेच्या बसचा चालक होता तो. वेदनेच्या तक्त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची ओळ असते, पेशंटने आपल्या वेदनेशी जुळणाऱ्या चेहऱ्याभोवती गोल काढायचा. त्याने शेवटच्या चेहऱ्यावर पेन इतकं गिरवलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. स्कॅनमध्ये ते काळंकुट्ट दिसत होतं. डॉक्टरांचा शेरा होता, 'प्रकृती समाधानकारक'. पडद्यावर चाळीस फाइली तुंबल्या होत्या. ताईंनी दुखण्याच्या कोडची जागा रिकामी सोडली. तीन दिवसांनी तो परत आला, आतड्याची शिवण उसवलेली. सहाव्या दिवशी त्याची शेवटची फाइल ताईंकडेच आली. मृत्यूलाही कोड असतो. तो त्यांनी दिला.

कुणी बोल लावला नाही. नियमाप्रमाणे काम चोख होतं. पण तेव्हापासून ते भोक भलत्याच फाइलींत दिसू लागलं, मोतीबिंदूच्या, मोडलेल्या बोटाच्या. पापणी लवली की नाहीसं व्हायचं. नवरा म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा." नंबर तपासून झाला होता. वाढला नव्हता.

आज दुपारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईची फाइल आली. पोटाचं ऑपरेशन, पाचवा दिवस, शेरा 'समाधानकारक'. शेवटच्या चेहऱ्यावर भोक. ताईंनी पापणी लववली. भोक तिथंच.

"नाना, या कागदाला भोक दिसतंय?"

विभागप्रमुख नाना चहाचा कप घेऊनच वाकले. "कुठंय? दुसऱ्या चेहऱ्यावर गोल आहे, छान हसरा. ताई, जेवलात का?"

कोडसाठी लागत नाहीत म्हणून कुणी उघडत नाही, ती नर्सची पानं ताईंनी उघडली. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी वेदना दहापैकी दोन. पहाटे आठ. पुन्हा फेरी, दोन. नंतर नऊ. समासात बारीक अक्षरात: 'कुशीवर वळत नाही.'

"दुखणारच की," नाना म्हणाले. "पोट फाडलंय, गुदगुल्या नाही केल्या. डॉक्टर लिहीत नाहीत, तर आपण कोण?"

ताईंनी फोन उचलला. "डॉक्टर, नोंदणीतून बोलतेय. सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंचं दुखणं अपेक्षेइतकं की जास्त?"

"संगणकावर टाका. उद्या बघतो."

"त्या आत्ता कागदाची वाट बघत आमच्या दाराबाहेर बाकावर बसल्यात. मी कोड दिल्याशिवाय कागद निघत नाही, आणि मी देत नाहीये."

"धमकी देताय?"

"विचारतेय. गेल्या वर्षी त्या बसचालकाच्या वेळी विचारायचं राहिलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आलो."

डॉक्टर आले तशा ताईही बाहेर गेल्या. बाकावर ती बाई मांडीवर पिशवी घेऊन, पुढे वाकून बसली होती. शेजारी सासू. "घरी सोडतील म्हणून डॉक्टर दिसले की बरंय म्हणते हो ही," सासू म्हणाली. "रात्रभर उशी चावत असते."

डॉक्टरांनी पोटावर हात दाबला आणि झटकन उचलला. बाईचं तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. डॉक्टरांनी स्ट्रेचर मागवलं. ताईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

पाच वाजता फाइलीत त्यांची ओळ आली: 'अपेक्षेपेक्षा जास्त. शिवण गळत होती. पुन्हा ऑपरेशन केलं, धोका टळला.' ताईंनी कोड दिला.

मग त्यांनी मूळ कागद मागवला आणि शेवटच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. कागद गुळगुळीत होता.

"लागला बुवा तुमचा नेम," नाना म्हणाले. "आता तरी घरी जा."

पडद्यावर पुढची फाइल उघडली होती. शेवटच्या चेहऱ्यावर काळं भोक. या वेळी ताईंनी पापणी लववली नाही. नर्सच्या पहिल्या पानापासून त्या वाचत बसल्या.