पटाचं तेल

गाडीखाली निजलेल्या माणसाला जग घोट्यापर्यंतच दिसतं. प्राध्यापक श्रीहरी घोनमोडे यांना तेवढं पुरत असे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत आणि आपल्या जुन्या अँबेसिडरचं ऑइल दरवर्षी पटाच्या दिवशी सकाळी, अंगणात, स्वतः बदलत. गाडीची वेळ झालेली असो वा नसो, पटाची वेळ झालेली असे.

पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सिंदेवाहीच्या रस्त्यावरच्या एका गावात ती भरे आणि लटारू नावाचा शेतकरी आपली जोडी घेऊन तिथे उतरे. छकड्याच्या आसाला लटारू मोटारीचं जळकं ऑइल लावी. ज्याच्यावर लोखंड पळालं त्याच्यावर लाकूड न पळून सांगतं कुणाला, असा त्याचा सिद्धान्त. सरांचं ऑइल नेलं त्या पहिल्याच वर्षी तो जिंकला आणि लाउडस्पीकरवाल्याने अख्ख्या मैदानाला ऐकवलं, "घोनमोडे सरायच्या तेलावर धावली, लटारूची जोडी!" सरांचा प्रबंध आजवर फक्त टंकलेखकाने वाचला होता. हे नाव चार तालुक्यांनी ऐकलं. तेव्हापासून सरांचं वर्ष पटाला सुरू होई आणि पटालाच संपे.

यंदा शेजारी मारुती आली होती. पांढरी, कोरी. मालक सोमाजी खोब्रागडे, बँकेत अधिकारी. नागपूरच्या वसतिगृहात दोघं एका खोलीत राहिलेले. तेव्हापासूनची रीत अशी की सरांनी काही घ्यावं आणि पुढच्या वर्षी सोमाजीने तेच, पण बरं, घ्यावं. सरांनी कौलं घातली, त्याने स्लॅब टाकला. सरांनी रेडिओ आणला, त्याने टीव्ही. आणि प्रत्येक वस्तू घेतली की तो पहिल्यांदा सरांनाच बोलावून दाखवी, हे त्याहून वाईट. सरांना हेवा वाटत नव्हता. ती गाडी दिसली की त्यांचं कपाळ दुखे, एवढंच.

पटाच्या सकाळी सर अँबेसिडरखाली निजले, तर फाटकापुढून टायरच्या चपला सरळ पुढे निघालेल्या दिसल्या. त्या चपला साऱ्या पंचक्रोशीत एकट्या लटारूच्या.

"लटारू! इकडे बे, फाटक उघडंच हाये!"

चपला थांबल्या. "सर हाय का जी खाली? मले वाटलं गाडीच बोलली."

"तेल काढूनच राह्यलो. आण डबा."

"यंदा राहू द्या सर. सोमाजीभाऊनं बलावलं. मारुतीचं देतो म्हनले."

"काऊन? माझ्या तेलात काय खोट निघाली?"

"खोट नाई जी." चपला अवघडून एकमेकींवर चढल्या. "पन मारुती पळते. अँबेसिडर चालते."

त्याच वेळी सरांच्या हातातला नट सुटला आणि गरम ऑइल मनगटावरून थेट काखेपर्यंत गेलं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर लटारूला वाटलं असतं, त्याच्यामुळे ओरडले.

थोड्या वेळाने चपला परत गेल्या. सोबत हिंदकळणारा डबा होता. मग भिंतीवरून सोमाजीची हाक आली.

"श्रीहरी, ये ना बा! तेल काढलं, जुना फिल्टर निंगला एकदाचा. आता नवा कसा बसवू? तुझ्याशिवाय कोनाले इचारू?"

सर गेले. सोमाजी बँकेच्या कामासारखं ऑइल बदलत होता. खाली वर्तमानपत्र, हाताला रुमाल. सरांनी आत वाकून पाहिलं. जुना फिल्टर निघाला होता, पण त्याची काळी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. नव्या फिल्टरला त्याची स्वतःची रिंग होती. रबरावर रबर धरत नाही. दाब आला की तिथून ऑइल बाहेर. काढायला एक नख पुरलं असतं.

सोमाजीने नवा फिल्टर आवळला, ऑइल ओतलं. "बरोबर हाय ना सगळं?"

"बरोबरच असन," सर म्हणाले.

हे खोटं नव्हतं, तो एक अंदाज होता. इतिहासाच्या माणसाला हा फरक कळतो. आणि गाडीचं वाटोळं व्हावं असं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. पटाच्या मैदानात, लटारूच्या डोळ्यांदेखत, त्या पांढऱ्या गाडीखाली एक छोटं डबकं व्हावं. बस.

हात धुऊन परतावं, अँबेसिडरमध्ये नवं ऑइल भरावं आणि निघावं, असा सरांचा बेत. पण फाटकातून शकुबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, ठेवणीतलं पातळ नेसून बाहेर पडल्या त्या मारुतीच्याच मागच्या सीटवर, सोमाजीच्या बायकोशेजारी जाऊन बसल्या.

"तुमची गाडी पोट उघडून पडली हाये. सोमाजीभाऊ चला म्हनते. कपडे बदला न बसा गुमान."

सर गुमान बसले. पुढे, सोमाजीच्या शेजारी.

गाव सुटलं. धान कापलेल्या बांध्या मागे जात होत्या आणि गाडी आवाज न करता पळत होती. तिचं आवाज न करणंही सरांना लागत होतं. एका वळणावर काट्यांच्या तबकडीत लाल दिवा लुकलुकला, विझला, मग पेटूनच राहिला.

"हे काय पेटलं बा?" सोमाजी खूश झाला. "आजवर नाई पेटलं. मस्त दिसते."

ऑइल संपत आल्याचा तो दिवा. सरांनी तोंड मिटलं. नुसत्या डबक्याची गोष्ट आता राहिली नव्हती. असंच आणखी थोडं गेलं की इंजिन जागीच जाम. मारुती बैलांनी ओढत घरी. मग वर्षभर ताडपत्रीखाली. त्या ताडपत्रीचा रंगसुद्धा सरांना दिसला, हिरवा. पुढचं मोहाचं झाड येईपर्यंत त्यांनी ती मनात अंथरून घेतली. तेवढ्यात इंजिनाने खालून टकटक सुरू केली. मित्राची भरभराट सोसत नाही, हे ठीक. पण ज्याने स्वतःच्या हाताने गाडी राखली त्याला कोरडं इंजिन ऐकवतच नाही.

"बंद कर! बंद कर म्हनतो ना!" म्हणत सरांनी स्वतःच चावी फिरवली.

मागे रस्त्यावर लांबच लांब काळी रेघ उमटली होती. सर धुतल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. फडक्यात धरून तापलेला फिल्टर फिरवला, वर न बघता हात घातला, जुनी रिंग ओढून फेकली, फिल्टर पुन्हा आवळला. सोमाजीच्या डिकीत उरलेलं नवं ऑइल होतं, ते ओतलं. गाडी सुरू केली. दिवा विझला.

"डाक्टर हायस लेका, डाक्टर!" सोमाजीने सरांना तेलासकट मिठी मारली. "तू नसता तं मी त्या दिव्याकडे पाहत बसलो असतो."

शकुबाई रस्त्याच्या कडेला पडलेल्या रिंगकडे पाहत होत्या. "तुमी तं वर पाह्यलं बी नाई. हात घातला न काढली. तिथी ती हाये, हे तुमाले कसं ठावं?"

"अनुभव," सर म्हणाले.

"अनुभव," शकुबाई म्हणाल्या आणि नव्या गाडीचं दार जुन्या गाडीसारखं आपटून आत बसल्या.

पट भरला होता. लटारूची जोडी धुरळ्यातून सुटली ती पहिलीच आली. सोमाजी लाउडस्पीकरवाल्याच्या कानाशी लागला आणि मैदानावर आवाज घुमला:

"सोमाजीभाऊ खोब्रागडे यायच्या मारुतीच्या तेलावर धावली, लटारूची जोडी! आन ज्यायनं वाटेत त्या मारुतीचा जीव वाचवला, ते घोनमोडे सर जेथी असन तेथून मंचावर यावे! दुपट्टा-नारळ हाये!"

सर हलले नाहीत. नाव आलं होतं, पण सोमाजीच्या मागून. शिवाय त्याच्या शिफारशीवर.

"जा ना, बलावून राह्यले," शकुबाई समोर बघत म्हणाल्या. "अनुभव सांगा लोकायले."

सर मंचावर गेले. दुपट्टा खांद्यावर पडला, काळ्या हातात नारळ आला. समोर सोमाजी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, मागे शकुबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. दोन शब्द बोला, म्हणून माइक पुढे आला. खरं सांगून टाकायला जागा बरी होती. चारही तालुके हजर होते. सरांनी घसा साफ केला. बराच वेळ साफ केला.

"मारुतीत तेल तीनच लिटर मावते," ते म्हणाले. "अँबेसिडरमध्ये साडेचार."