पंधरा इंचांचा गळा

मी मास्तरांच्या गळ्यातला टेप. एका टोकाला पितळी पत्रा, दुसरं टोक झिजलेलं. शिकलो फक्त साठपर्यंत. त्याच्या पुढचं मला कळत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला असेल, ते आठवत नाही. आठवतं ते हे शिवणकामाचं दुकान, इस्त्रीचा वास आणि मास्तरांचा गळा. एकवीस वर्षं मी तिथेच लोंबतोय. माणसं मापाला उभी राहिली की पोट आत ओढतात. मास्तर हळूच म्हणतात, "सोडा श्वास. शर्टाला खोटं बोलून काय उपयोग?"

पण तेच एकदा स्वतःशी खोटं बोलले.

त्यांचा गळा पंधरा इंचांचा. एका वर्षी कॉलर आवळायला लागली. मास्तरांनी काय करावं? बटण उसवून अर्धा इंच पुढे लावलं. दोन महिन्यांनी पुन्हा सरकवलं. कंबर मात्र उतरत होती. गळा वाढतोय आणि कंबर घटतेय, असं माप मी कधी घेतलं नव्हतं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

ओरडल्या त्या मास्तरीणबाई. शर्ट धुताना त्यांना बटणाशेजारी जुन्या टाक्यांची भोकं दिसली. त्यांनी मला ओढून मास्तरांच्या गळ्याभोवती गुंडाळलं. साडेसोळा. बोटांना कानाखाली गाठी लागल्या.

"अहो, हे कधीपासून?"

"कापड आटलं असेल."

"कापड आटलं, मग गाठी काय बटणांच्या आहेत?"

गाठीचा तुकडा तपासायला गेला. टी पेशींचा लिम्फोमा निघाला, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्यातही क्वचित होणारा प्रकार. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "काका, दहातले तीन-चार जण पाच वर्षांपुढे जातात."

मास्तरांनी माझं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग सावकाश म्हणाले, "बाई, तयार शर्ट शंभर जणांच्या मापांवरून बेततात. म्हणून तो एकालाही धड बसत नाही. माझं माप अजून कुणी घेतलेलं नाही."

"मग घेऊ या," त्या म्हणाल्या.

दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध, असं सहा वेळा. केस गेले, भुवया गेल्या, तोंडात फोड आले. चौतीसची कंबर अठ्ठावीसवर आली. मास्तरीणबाई पँट टाचायला बसल्या, तर मास्तरांनी सुई काढून घेतली.

"टाचू नकोस. मी परत याच मापात येणार आहे."

"आणि रस्त्यात घसरली तर?"

"धरीन. दोन हात आहेत अजून."

मग त्यांच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून ठेवल्या, जबर औषध दिलं आणि त्या पेशी परत सोडल्या. जंतू लागू नयेत म्हणून त्यांना इस्पितळातल्या बंद खोलीत ठेवलं, तिथे मला मनाई होती. तीन आठवडे मी मास्तरीणबाईंच्या गळ्यात राहिलो. गिऱ्हाइकांसमोर त्यांचा हात ठाम असायचा. दुकान रिकामं झालं की मला मुठीत धरून बसायच्या. मी घामाने भिजायचो. घामच म्हणू या.

मास्तर परत आले ते खांद्यांनी दोन इंच उतरून. पण गळा पंधरा.

त्याला आता सहा वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मला गळ्याभोवती घेतात आणि मास्तरीणबाई वाकून बघतात. कंबर तेहतीस झाली आहे. ती पँट अजून पट्ट्यावरच उभी आहे, टाचलेली नाही.

माझा पंधराचा आकडा घासून पुसला गेलाय. परवा मास्तरीणबाई नवा टेप घेऊन आल्या. मास्तरांनी तो गिऱ्हाइकांसाठी ठेवला.

"आणि हा जुना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हा माझ्यापुरता. आकडा गेला म्हणून माप जातं होय?"

तेव्हा मी कुठेही जाणार नाही. तुमची कॉलर आवळली, तर बटण मात्र सरकवू नका. आधी गळ्याला हात लावून बघा. आम्हाला विचाराल तर बटण पहिल्या जागी लावून बसलोय, मास्तर आणि मी, दोघंही.