वेगवान कार्ड

काशीच्या रामघाटावरचे यज्ञेश्वरशास्त्री शुक्ल यजुर्वेद म्हणू लागले की त्यांचा उजवा हातही म्हणत असे. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. असं पठण करणारे फार थोडे उरले होते, म्हणून २००५ साली एका खाजगी संस्थेनं त्यांचं चित्रण करायचं ठरवलं. संगणकाचं काम लतिकाकडे आलं. ती काशीतच वाढलेली, शास्त्रीबुवांच्या शेजारची.

तीन कॅमेऱ्यांची चित्रं आणि आवाजाच्या वेगळ्या फाइली एकाच वेळी डिस्कवर उतरवायच्या होत्या. डिस्क सांभाळणारी दोन कंट्रोलर कार्डं तिनं मागवली आणि आलटून पालटून लावून पाहिली. पहिलं कार्ड आलेलं सगळं थेट डिस्कवर लिहीत असे. भरवशाचं, पण धीमं. पठणाच्या मध्येच मागे पडे आणि चित्रं गळत. दुसरं सगळं आधी स्वतःच्या मेमरीत घेई आणि सवडीनं डिस्कवर उतरवी. वीज गेली तर ती मेमरी जपायला त्यात एक छोटी बॅटरी होती. लतिकानं मुद्दाम वीज तोडून पाहिली, पुन्हा पुन्हा. काही हरवलं नाही.

"तरी आणखी महिनाभर तपासायला हवं," ती म्हणाली.

"बेटी, माझा गळा थांबेल का महिनाभर?" शास्त्रीबुवा हसले. "मध्येच थांबवून परत म्हणायला लावू नकोस, बस. दम लागतो आता."

तिनं वेगवान कार्ड लावलं.

पठण पूर्ण झालं ते मे महिन्याच्या उकाड्यात. सुरुवातीच्या अध्यायांच्या प्रती निघाल्या होत्या, बाकीच्यांच्या निघायच्या होत्या. त्या दुपारी बिजली गेली, पाठोपाठ इन्व्हर्टरही बसला. वीज आली तेव्हा कार्डाला डिस्क ओळखता येईनात. लतिकानं ते उघडलं. उकाड्यानं आतली बॅटरी फुगून निकामी झाली होती. डिस्क धडधाकट होत्या, पण कुठला तुकडा कुठे ठेवलाय याचा कार्डाच्या मेमरीतला हिशेबच पुसला गेला होता. तिनं धीमं कार्ड लावून पाहिलं. त्याला दुसऱ्याची मांडणी वाचता येईना.

डिस्क दिल्लीला दुरुस्तीला गेल्या. त्या परत यायच्या आतच शास्त्रीबुवांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली.

दिल्लीहून उरलेल्या अध्यायांचं एकाच कॅमेऱ्याचं चित्र परत आलं, तेही हातावर रोखलेल्या. आवाजाच्या फाइली कुणालाच जुळवता आल्या नाहीत. लतिका लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली.

"प्रमोदिनीताई, एवढंच मिळालं," ती शास्त्रीबुवांच्या मुलीला म्हणाली. "मी खूप प्रयत्न केले."

"तू तरी काय करणार गं," प्रमोदिनी म्हणाली आणि वडिलांना उशीला टेकवून बसवलं.

पडद्यावर त्यांचा हात वर गेला, किंचित थांबला, खाली आला. शास्त्रीबुवा एकटक पाहत होते. मग त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि पडद्यावरच्या हाताबरोबर चालू लागला. ओठ हलले. घशातून घरघर आली.

लतिकाला काही कळेना. "काय म्हणतायत?"

प्रमोदिनीनं त्यांच्या तोंडाशी कान नेला. 

"आवाज वाढव म्हणतायत."

लतिकानं आवाजाची कळ दाबली. मग परत दाबली. शास्त्रीबुवा तिच्याकडे बघत वाट पाहत राहिले.