रहमतच्या टिनावरचा तांडा

तुमच्यापैकी कुणीतरी बंजाऱ्यांचा एक अख्खा तांडा उचलला आणि नेरच्या एका गादीवाल्याच्या टिनावर, म्हणजे पत्र्याच्या छपरावर, नेऊन ठेवला. घरं, गुरं, माणसं, सेवालाल महाराजांचं देऊळ, सगळं. ज्यानं हे केलं त्याला कुणी जाब विचारला नाही. आपण काही केलं हेही त्याला माहीत नसेल. त्यानं एक बटण दाबलं आणि तो जेवायला गेला.

मी नकाशा बोलतोय. शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, घड्यांवर फाटलेला नकाशा तुम्हाला आठवत असेल, तर तो माझा आजोबा समजा. मी पडद्यावरचा. बोटानं ढकललं की सरकतो, दोन बोटांनी ताणलं की जवळ येतो. ज्याच्या हातात मी उघडा असतो, त्याच्या आसपासचं मला दिसतं आणि ऐकूही येतं. तेवढ्यावरूनच माणसांबद्दलचं माझं मत बनलं आहे. ते फार चांगलं नाही.

माझा जन्म पुण्यातला, थंडगार खोलीतला. बोंडअळीनं कपाशी पोखरली, माणसं दुप्पट फवारे मारू लागली आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं लोक आजारी पडू लागले, तेव्हाची गोष्ट. एका संस्थेनं फिरता दवाखाना काढायचं ठरवलं. दवाखान्याआधी वेबसाइट तयार झाली. वेबसाइट म्हटली की नकाशा हवाच, म्हणून मी आलो.

मी आलो तेव्हा माझ्या अंगावर सगळं होतं. नाले, पांदणी, पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, गादीचं दुकान. मग मला 'आपल्या गरजेप्रमाणे' करून घेणं सुरू झालं. दुकानांची नावं काढली, कारण पसारा दिसतो. नाले पुसट केले, कारण निळा रंग संस्थेच्या रंगात बसत नव्हता. खुणांना कापसाच्या बोंडाचा आकार दिला. नारंगी बोंड म्हणजे गाडी जायची बाकी, हिरवं बोंड म्हणजे गाडी पोचली. उघडताच अख्खा जिल्हा दिसेल अशी सोय केली आणि फार जवळ जाता येणार नाही अशी मर्यादा घातली. "जवळ गेलं की नुसती शेतंच दिसतात, रिकामं वाटतं," असं म्हणून एकानं ती घातली. त्या शेतांतच तर माणसं आजारी पडत होती.

त्यानंतर गावांची नावं माझ्यात ओतली. बाभुळगाव सापडलं. बोरी अरब सापडलं. पळसकुंड तांडा सापडला नाही. असे तांडे नेर तालुक्यात एकूण तेरा निघाले. सापडलं नाही तर 'सापडलं नाही' म्हणावं, इतकं साधं होतं ते. पण माहीत नसलं तरी बोट दाखवायचं, ही माणसांची जुनी खोड त्यांनी मलाही लावली. नाव सापडलं नाही की खूण तालुक्याच्या मधोमध ठेवायची, असा नियम कुणीतरी आधीच करून ठेवला होता. तेरा बोंडं एकावर एक, अगदी नेमकी, एकाच जागी बसली. वरून पाहणाऱ्याला एकच दिसे. आणि ती जागा होती रहमत पिंजाऱ्याच्या दुकानाचं टिन.

यवतमाळला सभागृहात माझं उद्घाटन झालं. फीत पडद्यावरच कापली, कात्रीचं चित्र सरकवून. टाळ्या झाल्यावर पाहुण्यांनी आपापल्या फोनवर मला उघडलं आणि प्रत्येकानं एकच गोष्ट केली. आपलं घर शोधलं. अख्खं जग हातात द्या, माणूस त्यात आधी स्वतःचं छप्पर शोधणार. एका पाहुण्यांना मर्यादेमुळे आपला बंगला दिसेना. ते नाराज झाले. दुसऱ्याच दिवशी ती मर्यादा काढण्यात आली. तांड्यांच्या अडचणी कानावर जायला जिथे महिने लागतात, तिथे बंगल्याची अडचण रात्रीतून सुटते.

माझी लिंक मग हिंडायला लागली. एका गटातून दुसऱ्या गटात, फुलं आणि सुविचारांच्या मधून. पाठवणाऱ्याला वाटे, आपण काहीतरी केलं. उघडून कोण पाहतो?

पळसकुंड तांड्यावरच्या ममतानं उघडून पाहिलं. बारावी झालेली पोरगी, नेरच्या कॉलेजात बाहेरून बी.ए. करणारी. तिचा बाप बाबूसिंग पाठीवर पंप घेऊन स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही कपाशीत फवारायचा. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा वर उडायचा आणि तोंडावर पडायचा. एका संध्याकाळी तो घरी आला तो डोळे चोळतच. रात्रभर ओकला. ओकणं थांबलं, डोळे मात्र लालच राहिले. डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं ते हटेना.

ममतानं माझ्यात तांड्याचं नाव टाकलं. नारंगी बोंड उगवलं, खाली तारीख, आणि शब्द: डोळ्यांचे डॉक्टर सोबत. ती बापाला म्हणाली, चल, तोवर यवतमाळला जाऊन येऊ. बाबूसिंग नाही म्हणाला. फवारणी अर्धी राहिली होती, यवतमाळचा दवाखाना म्हणजे तीन दिवस मोडणार. "गाडी आपल्या दारात यिऊन राह्यली न. मंग कायले जायचं?" त्यानं नकाशावर भरवसा ठेवला. माझ्यावर. मला तेव्हा ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्यात आवाजाची सोय केलेली नव्हती. बोंडांना सावली मात्र दिली होती.

त्या तारखेला तांड्यातली माणसं कामं सोडून देवळापाशी बसली. हंसाबाईनं, म्हणजे ममताच्या आईनं, डॉक्टरांसाठी चहाचं आधण दोनदा ठेवलं, दोनदा उतरवलं. गाडी आली नाही.

गाडी नेरला गेली होती. ड्रायव्हर धावजी त्याच भागातला माणूस. त्यानं शेजारी बसलेल्या संस्थेच्या साहेबांना सांगितलं की इथं बाजार आहे, तांडा नाही. साहेबांनी फोन दाखवला. गाडी खुणेजवळ आली की खूण आपोआप हिरवी व्हायची, तशी ती झाली होती. एक नाही, तेराच्या तेरा. साहेब खूष झाले. समोरच्या हॉटेलात चहा घेतला, गाडीसोबत स्वतःचा फोटो काढला आणि गाडी पुढे गेली.

तिकडे ममताच्या हातात माझ्यातलं बोंड हिरवं झालं. खाली अक्षरं आली: सेवा पोहोचली. तिनं मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. मी माझ्या आयुष्यात खूप नजरा पाहिल्या, पण त्या नजरेइतका अपमान माझा कुणी केला नाही. आणि तो रास्त होता.

तिनं वेबसाइटवरच्या नंबरला फोन केला. तिकडून नम्र आवाजात उत्तर आलं की नकाशावर तर गाडी पोचलेली दिसतेय ताई, तुम्ही घरी नसाल. नम्रपणे खोटं बोलायला ही माणसं कुठे शिकतात, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला उघडं धरूनच निघाली, आपला तांडा शोधायला. मी तिला नेरला नेलं. 'तुम्ही पोचलात' अशी अक्षरं माझ्यावर उमटली तेव्हा ती गादीच्या दुकानासमोर उभी होती आणि आत रहमत पिंजण्याच्या यंत्रात रुई घालत होता. भुवयांपर्यंत पांढरा झालेला.

"चाचा, पळसकुंड तांडा हाच का?" तिनं विचारलं. चेष्टेनं नव्हे, संतापानं.

रहमतनं यंत्र बंद केलं. "तूही तांडा हुडकून राह्यली का, बेटा? काल दोघं आल्ते. एक म्हणे, माहा तांडा तुमच्या दुकानावर हाय, खाली द्या."

ती हसली नाही, मग हसली, मग रडायला लागली. रहमतची बायको हुस्नाबी आतून पाणी घेऊन आली. तिनं पोरीला गादीवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. बाबूसिंगचा डोळा, दोनदा उतरवलेला चहा, सगळं.

घरी परत येऊन ममतानं तुमच्या भाषेतला शहाणपणाचा मार्गही धरून पाहिला. देवळापाशी उभं राहून तिनं खरी जागा बोटानं दाबून धरली, तिची लिंक काढली आणि संस्थेला पाठवली. ती लिंक अगदी सरळ होती. उघडली की थेट देवळाचा कळस दिसायचा, शेजारी तिच्याच घराचं कवेलूंचं छप्पर. संस्थेकडून हात जोडलेलं चित्र आलं. तिनं पुन्हा पाठवली. 'नोंद घेतली आहे' असं आलं. माझ्यातली खूण हलली नाही. हलवायला एका माणसाचं एक मिनिट लागलं असतं. पण आतापर्यंत तेरा हिरवी बोंडं अहवालात गेली होती, देणगीदारांनी अभिनंदन केलं होतं आणि हिरव्याला हात लावायची कुणाची तयारी नव्हती.

पुढे दुसरी फेरी जाहीर झाली. बोंडं पुन्हा नारंगी झाली, जागा तीच. इकडे बाबूसिंगचा डावा डोळा उघडेना, उजव्यातूनही पाणी वाहू लागलं. आता यवतमाळला न्यायला ममता हट्टाला पेटली, तेव्हा हंसाबाई म्हणाली की एकटा हाच नाही, धरमसिंग आहे, किसनसिंग आहे, बेबीताईच्या हाताची कातडी गेली आहे. सगळ्यांनाच डॉक्टर पाहिजे. आणि मग ती म्हणाली, "गाडी तांड्यात येत नाही न? मंग तांडाच तिकडे नेऊ. आपले बापजादे तर तांडा घेऊनच फिरत होते."

ममतानं रहमतला फोन केला. दुकान एक दिवस बंद ठेवावं लागेल का, असं विचारलं. रहमत म्हणाला की बंद कशाला, गाद्याच बाहेर काढतो.

त्या दिवशी मी साहेबांच्या हातात होतो. गाडी वळली, खुणा हिरव्या झाल्या आणि साहेबांनी फोटोसाठी फोन उचलला. फोटोत माणसं आली. रस्त्याच्या कडेला नव्या गाद्या अंथरलेल्या, त्यांवर पळसकुंड तांडा बसलेला. घागऱ्यातल्या म्हाताऱ्या, पागोटेवाले, डोळ्यांवर ओलं फडकं धरलेले पुरुष. हुस्नाबी सगळ्यांना चहा देत होती. ममता गाडीच्या दारापाशी गेली आणि साहेबांना म्हणाली, "हे घ्या पळसकुंड. तुमच्या मॅपवर इथंच हाय न?"

साहेब म्हणाले की असं ठरलेलं नव्हतं. धावजीनं गाडीचं इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मागून डॉक्टरबाई आपली पेटी घेऊन उतरल्याही होत्या. त्यांचं मी वाईट बोलणार नाही. ऊन उतरेपर्यंत त्या वाकून एकेकाला तपासत राहिल्या.

बाबूसिंगच्या डोळ्यांत त्यांनी बराच वेळ उजेड धरला. मग विचारलं, "इतके दिवस काहून थांबले?"

बाबूसिंग म्हणाला, "तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो, बाई."

त्याच गाडीनं त्याला यवतमाळला नेलं. उजवा डोळा वाचला. डाव्याच्या बुबुळावर पांढरा डाग पडला, तो आता जाणार नाही. पहिल्याच तारखेला पाहिला असता तर वाचला असता, असं तिथे सांगण्यात आलं. ज्यानं ते बटण दाबलं होतं, त्याच्यापर्यंत हे पोचलं नाही. कसं पोचणार? त्याची तर खूणच कुठे नाही.

आता माझं काय? प्रकल्प संपला. वेबसाइटकडे कुणी फिरकत नाही. माझ्या अंगावर जागोजागी राखाडी चौकोन पडलेत आणि पडद्यावर तिरक्या अक्षरांत लिहून येतं की हा नकाशा नीट उघडू शकत नाही. बोंडं तेवढी अजून आहेत. सगळी हिरवी. तुमचं काम कसं फत्ते झालं, याची साक्ष मी अजूनही देतोय. मला बंद करा. नाहीतर, एवढंच करायचं असेल, तर मला उघडण्याआधी एकदा पळसकुंडच्या रस्त्यानं जाऊन या. जमणार नाही तुम्हाला. मला ठाऊक आहे.

परवा शेवटचं कुणी मला उघडलं, ते रहमतच्या दुकानात. कापूस विकून परतताना बाबूसिंग तिथे थांबला होता, घरची थोडी रुई पिंजून घ्यायला. ममता सोबत होती. तो म्हणाला, दाखव तरी, मी कुठं बसलो होतो ते. तिनं फोन त्याच्या उजव्या डोळ्याजवळ धरला. त्यानं बोंडावर बोट ठेवलं, एकेक तांड्याचं नाव निघालं, आणि आपल्या तांड्याचं नाव आल्यावर तो थांबला.

हुस्नाबी हात पुसत मागून डोकावली. तिनं पडद्यावर आपला रस्ता ओळखला, समोरचा चौक ओळखला आणि टिनाच्या जागी बराच वेळ काहीतरी शोधलं. दुकानांची नावं काढलेली होती, ते तिला कोण सांगणार?

"म्हंजे भाऊ," ती बाबूसिंगला म्हणाली, "तुमी सारे आमच्या घरी, अन् आमी कुठीच नाही."